मिलान सोड, पाटणला जा

"ताई, मी पुण्यात बी.आर्क.च्या चौथ्या वर्षाला आहे, मूळची कराडची. पुढच्या सत्रात इंटर्नशिप आहे आणि मला जुन्या वास्तूंच्या जतनाचंच काम करायचं आहे. दोन ठिकाणांहून होकार आलाय. एक मिलानमधलं मोठं ऑफिस. तिथे एका जुन्या हवेलीचं हॉटेल होणार आहे आणि मला त्याचे थ्रीडी व्ह्यू आणि प्रेझेंटेशनची ड्रॉइंग करायची आहेत. मानधन नाही. दुसरं नेपाळमध्ये, पाटणला. २०१५ च्या भूकंपात पडझड झालेली मंदिरं आणि जुनी घरं दुरुस्त करणारा एक छोटा गट आहे, राहण्या-जेवण्यापुरतं मानधन देतात. बाबा म्हणतात, कर्ज काढू, पण युरोपला जा. नेपाळला कोण परदेश म्हणतं? आई भूकंपाला घाबरते. मैत्रिणी म्हणतात, तिथे चार महिने नुसती टेप धरायला लावतील. मला हाताने मोजमाप घेणं नीट येत नाही, सगळं सॉफ्टवेअरवर शिकले. आणि या क्षेत्रात पुढे पोट भरेल का, तेही कळत नाही. काय करू?"

पाटणला जा. का जा ते जरा सविस्तर सांगते, म्हणजे घरी बोलताना तुझ्या हाताशी राहील.

आधी मिलानबद्दल. इटलीत जतनाचं काम मोठ्या तोलाचं चालतं. दगड, भित्तिचित्रं, चुन्याचे गिलावे यांत आयुष्य घातलेली माणसं तिथे आहेत. जगभरच्या जतनतज्ज्ञांना प्रशिक्षण देणारी इक्रॉम ही संस्था रोममध्येच आहे. तुला त्या हवेलीच्या परांचीवर उभं राहून गिलाव्याचे थर तपासणाऱ्या माणसाच्या हाताखाली काम मिळत असतं, तर मी बाबांच्या बाजूने बोलले असते. पण तुझ्या पत्रावरून तुला तिथे मिळणार आहे ती एक खुर्ची आणि एक स्क्रीन. हवेलीशी तुझा संबंध तिच्या मॉडेलच्या फाइलपुरता. तेच काम तू बाणेरला बसूनही करू शकतेस, आणि ते करण्यासाठी बाबांनी कर्ज काढावं हे मला पटत नाही.

इंटर्नशिप निवडताना दोन्ही ठिकाणांना एकच प्रश्न विचारून पाहा: रोज सकाळी मी कुठे असेन आणि माझ्या शेजारी कोण असेल? पाटणच्या गटाने तुला काय लिहिलंय ते तू पत्रासोबत जोडलं आहेस. निम्मा वेळ साइटवर, उरलेला वेळ ड्रॉइंगवर. सोबत सुतार, गवंडी आणि एक इंजिनियर. जुनी इमारत उभी राहते किंवा पडते ती बहुतेक वेळा तिच्या सांध्यापाशी. लाकूड लाकडाला जिथे भेटतं, वीट विटेला जिथे भेटते, खांब दगडावर जिथे टेकतो, तिथे. हे सांधे उघडे पाहायला मिळतील अशी जागा विद्यार्थ्याच्या वाट्याला क्वचित येते. तुझ्या वाट्याला आली आहे.

पाटणमध्ये काय झालं ते तुला ठाऊक असेलच, तरी थोडक्यात सांगते, कारण तुझं काम त्यातूनच आलेलं आहे. पाटण ज्या काठमांडू खोऱ्यात आहे ते खोरं १९७९ पासून जागतिक वारसा यादीत आहे. तीन राजवाड्यांचे चौक, स्वयंभू आणि बौद्धनाथ हे स्तूप, पशुपती आणि चांगुनारायण ही मंदिरं, असे सात भाग मिळून ती नोंद झाली. २५ एप्रिल २०१५ ला दुपारी बाराच्या सुमारास ७.८ तीव्रतेचा धक्का बसला, १२ मे ला ७.३ चा दुसरा. देशात जवळजवळ नऊ हजार माणसं गेली. पाटणच्या दरबार चौकातलं सोळाव्या शतकातलं चारनारायण मंदिर, हरिशंकर मंदिर आणि पाणवठ्याशेजारचे दोन मणिमंडप जमीनदोस्त झाले. सिद्धिनरसिंह मल्लाने १६३७ मध्ये उभारलेलं दगडी कृष्ण मंदिर मात्र तडे जाऊनही उभं राहिलं. धूळ खाली बसायच्या आत गावातली माणसं, पोलीस, लष्कर आणि संग्रहालयातले लोक कोरीव लाकडं उचलून राजवाड्याच्या आवारात नेऊ लागले. त्यामुळे ती चोरीला गेली नाहीत, पावसात कुजली नाहीत. पुढे प्रत्येक लाकडाची नोंद झाली, कुठलं कुठे बसत होतं ते जुळवलं गेलं आणि जुनं शाबूत लाकूड वापरून, लागेल तिथे नवं जोडून मंदिरं पुन्हा उभी राहिली. काठमांडू व्हॅली प्रिझर्व्हेशन ट्रस्ट ही १९९१ पासून खोऱ्यात काम करणारी संस्था त्यात पुढे होती. तू ज्या छोट्या गटात जाणार आहेस त्यांची पद्धतही याच कामातून घडली असणार.

आता तिथल्या भिंतीबद्दल सांगते, कारण तुला सर्वांत जास्त ती शिकवेल. बाहेरून पाहशील तर गुळगुळीत, तांबडी, आणि विटांच्या मधे केसाएवढी फट नाही. ती दर्शनी वीट म्हणजे दाची अप्पा. पुढून रुंद, मागे निमुळती. दोन विटा पुढच्या कडेला एकमेकींना भिडतात आणि मातीचा मसाला मागे झाकला जातो, म्हणून पावसाचं पाणी त्या मातीपर्यंत सहज पोचत नाही. चुना न वापरता, नुसत्या मातीत बांधलेली भिंत शेकडो पावसाळे काढते ती या युक्तीमुळे. पण भिंत जाड असते आणि तिला तीन थर असतात. बाहेर ही पक्की वीट, आतल्या अंगाला साधी किंवा कच्ची वीट, मधे तुकडे आणि माती. निमुळत्या विटेची मागच्या थरातली पकड मुळातच कमी. जमीन हलली की बाहेरचा थर आतल्यापासून सुटतो, भिंतीला पोट येतं आणि मग ती ढासळते. पावसापासून वाचवणारी युक्तीच भूकंपात नडते. दुरुस्ती करणाऱ्यापुढचा प्रश्न असा, की वीट तीच ठेवायची, दर्शनी रूप तेच ठेवायचं आणि तरी तिन्ही थर एकमेकांना बांधायचे कसे? आडवे लाकडी पट्टे किती उंचीवर घालायचे? मसाला मातीचाच ठेवायचा की चुना आणि सुर्खी, म्हणजे विटांची भुकटी, मिसळायची? या वादात तू रोज उभी असशील.

तेच छपराचं. साल वृक्षाच्या लाकडाच्या वाशांवर फळ्या, फळ्यांवर मातीचा जाड थर आणि त्यात रुतवलेली लहान कौलं, ज्यांना तिथे झिंगटी म्हणतात. हे ओझं पुढे आलेल्या पागोळीसकट तोलतात ते तिरके कोरीव टेकू, टुँडाल. पर्यटक त्यांवरच्या देवदेवतांचे फोटो काढतात. तू टुँडालाचं वरचं टोक बघ, जिथे ते वाशाखाली टेकतं. कौल सरकलं, मातीत गवत उगवलं, पाणी मुरलं की सगळ्यात आधी कुजते ती हीच जागा. भूकंपाने पाडलेल्या कित्येक छपरांना आधी वर्षानुवर्षांच्या ओलीने पोखरलेलं होतं.

हे सगळं नेपाळचं झालं, असं बाबांना वाटेल. त्यांना किल्लारीची आठवण दे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर-धाराशिव भागात माणसं मेली ती दगडमातीच्या जाड भिंतींखाली आणि मातीच्या जड माळवदांखाली. त्या भिंतींनाही दोन तोंडं होती, बाहेरचं आणि आतलं. दोन्ही तोंडांना आरपार बांधणारे लांब दगड बहुतेक ठिकाणी घातलेलेच नव्हते. म्हणजे रोग पाटणच्या भिंतीचाच. पण आपण त्यातून एवढाच धडा घेतला, की दगड-माती धोक्याची आणि सिमेंट सुरक्षित. कितीतरी गावं नव्या जागी सिमेंटच्या घरांत नेली गेली, आणि मराठवाड्यात दगडी घर कसं सुधारावं हे जाणणारे गवंडी कमी होत गेले. पाटणने निराळा रस्ता धरला: जुन्या पद्धतीतली खोट शोधायची आणि त्याच पद्धतीत ती दुरुस्त करायची. तो रस्ता शिकून आलेली मुलगी पुण्याच्या पेठेतल्या लाकडी चौकटीच्या वाड्यापुढे किंवा सोलापूरकडच्या माळवदापुढे उभी राहील तेव्हा तिला काय विचारायचं ते कळेल. मला तुला तिथे पाठवायची घाई आहे ती यासाठी.

आता टेपबद्दल. हो, धरायला लावतील. मैत्रिणींना ही शिक्षा वाटते. मला त्यातच तुझा सगळ्यात मोठा लाभ दिसतो. जुन्या इमारतीत काटकोन नसतो. आपण मनाने काटकोन धरून काढलेलं ड्रॉइंग सुबक दिसतं आणि खोटं असतं, आणि त्या खोट्या ड्रॉइंगवर इंजिनियर हिशेब करतो. म्हणून पाण्याच्या नळीने आधी साऱ्या भिंतींवर एका पातळीची रेघ मारायची आणि उंची-खोली तिच्यापासूनच मोजायची. प्रत्येक खोलीचे कर्ण घ्यायचे. लांबी तुकड्यातुकड्याने मोजून बेरीज करायची नाही. टेपचं शून्य एका टोकाला धरून ठेवायचं आणि दारं, खिडक्या, खांब सलग वाचत जायचं, नाहीतर चूक वाढत जाते. भिंत किती कलली ते ओळंबा सोडून पाहायचं. जे मोजता आलं नाही तिथे 'मोजता आलं नाही' असं कागदावर लिहायचं, अंदाजाने रेघ ओढायची नाही. साइटवरचा मळका कागद घरी येऊन स्वच्छ काढायचा मोह होईल. स्वच्छ काढ, पण मूळ कागद तारीख घालून, खोडाखोडीसकट जपून ठेव. पाच वर्षांनी भांडण होईल ते त्या मूळ कागदावर सुटेल.

लेझर स्कॅन आणि फोटोंवरून बनवलेली मॉडेलं तिथेही असतील. ती शिक, तुला पटकन येतील. स्कॅन पृष्ठभागाचा बिंदूनबिंदू देतो. पण रंगाखाली जोड आहे, हे लाकूड मागच्या दुरुस्तीत घातलेलं आहे, इथे बोटाने ठोकलं तर पोकळ वाजतं, अरी टोचली तर आत शिरते, हे तो सांगत नाही. ते तुझ्या हाताला कळलं पाहिजे. सुटलेल्या लाकडांचा ढीग लावताना तर हे फारच लागतं. कोणत्या तुळईत कोणतं कुसू, म्हणजे खाचेत बसणारं टोक, बसत होतं हे कोरीव कामापेक्षा खाचेच्या मापावरून, पाचरीच्या खुणांवरून, घासलेल्या कडेवरून ओळखतात. नेवार, म्हणजे या खोऱ्यातल्या मूळ समाजाचे, सुतार सांध्यात लाकडी पाचरी ठोकतात, त्यांना चुकुल म्हणतात. पाचरीमुळे सांधा घट्टही राहतो आणि हादऱ्यात थोडा हलूही शकतो. तिथला एखादा जुना सुतार पाचर बसवताना तिचा आवाज ऐकतो. त्याच्याजवळ बस. काही विचारायच्या आधी आठवडाभर नुसतं बघ, पडेल ते काम कर, लाकूड धर. मग विचार.

इथून निघेपर्यंत तुला सराव करता येईल. सुट्टीत कराडला जाशील तेव्हा ओळखीच्या एखाद्या जुन्या वाड्याची एक खोली आणि एक जिना हाताने मोज. टेप, ओळंबा, पारदर्शक नळी, जाड पेन्सिल, एवढंच लागतं. जिना मुद्दाम सांगते. जो जिना मोजतो त्याला बाकी इमारत सोपी जाते.

पाटणला गेल्यावर एक मोठा वाद तुझ्या कानावर येईल, त्यासाठी मनाची तयारी असू दे. जतनाची तत्त्वं सांगणारी १९६४ ची आंतरराष्ट्रीय व्हेनिस सनद तू अभ्यासली असशील. तिच्यात म्हटलंय की अंदाज सुरू होतो तिथे पुनर्रचना थांबली पाहिजे, आणि नवं घातलेलं जुन्यापासून ओळखू आलं पाहिजे. पुस्तकात हे निर्विवाद वाटतं. पण टुँडालावरच्या देवीचा हात तुटलेला आहे आणि खाली रोज पूजा होते. खंडित मूर्ती पूजेला चालत नाही, हे तुला-मला कुणी शिकवायला नको. तिथला शिल्पकार म्हणतो, मी नवा हात कोरतो, माझे आजोबाही कोरायचे. सनद मानणारा म्हणतो, मूळ हात कसा होता ते माहीत नसताना कोरणं म्हणजे अंदाज. दोघांचंही म्हणणं खरं आहे. या कोंडीतूनच १९९४ ला जपानमध्ये नारा दस्तऐवज तयार झाला. अस्सलपणा त्या त्या संस्कृतीच्या नजरेने तपासावा, असं त्याने मान्य केलं. माझं स्वतःचं मत विचारशील तर जिथे पूजा चालू आहे तिथे मी शिल्पकाराला कोरू देईन. पण तुटका तुकडा फेकू देणार नाही, त्याची नोंद करून तो जपेन, आणि नव्या तुकड्याच्या मागच्या, न दिसणाऱ्या बाजूला वर्षाचा आकडा कोरायला लावीन. तू तुझं मत तिथली दोन-चार कामं पाहून बनव.

दुसरा वाद लोखंडाचा. खोऱ्यातल्याच भक्तपूर शहराच्या दरबार चौकातला च्यासिलिन मंडप १९३४ च्या भूकंपात पडला होता. तो १९९० मध्ये जर्मन मदतीने पुन्हा बांधला तेव्हा जुने लाकडी भाग वापरले, पण आत पोलादी सांगाडा घातला, आणि तोही उघड दिसेल असा. पुष्कळांना ते खुपलं. २०१५ मध्ये शेजारची मंदिरं पडली, हा मंडप उभा राहिला. म्हणून पोलाद बरोबर ठरलं का? त्याच भक्तपूरमधलं पाच मजल्यांचं न्यातपोल, १७०२ चं, लाकूड-विटांचं, दोन्ही भूकंपांतून उभं राहिलं. तेव्हा एका उदाहरणावर निकाल लावू नकोस. दोन्हीकडे जा, खाली बसून दोन्हींची ड्रॉइंग काढ.

आणि काठमांडूचा काष्ठमंडप. ज्या लाकडी मंडपावरून शहराला नाव मिळालं असं मानतात, तो २०१५ ला पूर्ण कोसळला, माणसं मेली. नंतर पुरातत्त्वज्ञांनी खाली उत्खनन केलं. इंग्लंडमधल्या डरहॅम विद्यापीठाचे लोक त्यात होते. समजलं असं, की पाया समजुतीपेक्षा कितीतरी जुना, सातव्या शतकापर्यंत मागे जाणारा, आणि उत्तम शाबूत होता. पण चार मुख्य खांबांपैकी एक खांब आधीच्या एका दुरुस्तीत आपल्या बैठकीच्या दगडावर नीट बसवलेलाच नव्हता. दुरुस्ती करणाऱ्याने जमिनीखाली पाहिलं नव्हतं. तुझ्या पुढच्या सगळ्या कामात ही एक गोष्ट मनात असू दे. पुनर्बांधणी कंत्राट देऊन उरकण्याला लोकांनी विरोध केला, काम स्थानिक समितीकडे आलं आणि २०२२ मध्ये मंडप पुन्हा उभा राहिला. काठमांडूतल्या राणीपोखरीच्या तळ्यातही काँक्रीट ओतायला सुरुवात झाली होती; नागरिकांनी ते थांबवलं आणि २०२० मध्ये विटा-चुन्याच्या जुन्या पद्धतीने काम पूर्ण झालं. वारशासाठी सामान्य माणसं रस्त्यावर येतात, कंत्राटाची कागदपत्रं मागतात, हे विद्यार्थिदशेत जवळून पाहायला मिळणं मला फार मोलाचं वाटतं. आपल्याकडे किल्ल्यांवर चुकीच्या डागडुजीबद्दल बोलताना तुला याची आठवण येईल.

लोकांचा विषय निघालाच आहे तर गुठीबद्दल, म्हणजे देवस्थानं सांभाळणाऱ्या समाजाच्या मंडळांबद्दल, वाच. देवळाचं तेलवात, छपराची डागडुजी, जत्रा, पाणवठ्याची सफाई, हे सगळं नेवार समाजात गुठ्यांकडे असतं. जमिनीच्या उत्पन्नावर त्या चालायच्या. जमिनी गेल्या तशा दुरुस्त्या थांबल्या. २०१९ ला सरकारने गुठीचा नवा कायदा आणला तेव्हा काठमांडूत एवढे लोक रस्त्यावर आले की विधेयक मागे घ्यावं लागलं. तुला एखादं देऊळ मोजायचं असेल तर परवानगी देणारा माणूस कदाचित पुरातत्त्व खात्याआधी गुठीचा थकाली, म्हणजे ज्येष्ठ, असेल. त्याच्याकडे आधी जा. चपला बाहेर काढ, गाभाऱ्यात जाऊ दिलं नाही तर वाद घालू नकोस, फोटो विचारून काढ.

वैशाखाच्या आसपास तिथे असलीस तर रातो मच्छिंद्रनाथाचा रथ बांधताना नक्की पाहा. हिंदू त्यांना मच्छिंद्रनाथ म्हणतात, बौद्ध करुणामय अवलोकितेश्वर, आणि पूजा दोघं मिळून करतात. आपल्याकडे नवनाथांची पोथी वाचणाऱ्या घरातल्या माणसाला हे कळलं की त्याचा नेपाळकडे पाहण्याचा सूरच बदलतो. तुझ्या घरी पोथी असेल तर आजीला आवर्जून सांग. साठ फुटांच्या आसपास उंचीचा तो रथ लाकूड आणि वेताने दरवर्षी पुन्हा बांधतात, सुतारकाम एका घराण्याकडे, वेत आणि दोर बांधणं दुसऱ्याकडे. दरवर्षी बांधायचा असल्यामुळे ते हात विसरत नाहीत. सांधे टिकवायचे तर सांधे करणारे टिकवावे लागतात, ते तिथे डोळ्यांनी दिसतं.

आता बाबा. भारतीयाला नेपाळमध्ये व्हिसा लागत नाही म्हणून ते त्यांना परदेश वाटत नसेल. परंतु जतनाच्या जगात काठमांडू खोऱ्याचं नाव खूप मोठं आहे. ऑस्ट्रियन, जर्मन, जपानी, अमेरिकन लोकांनी तिथे दशकानुदशकं काम केलंय. पाटणच्या राजवाड्याचा एक चौक ऑस्ट्रियाच्या मदतीने दुरुस्त होऊन १९९७ मध्ये संग्रहालय म्हणून उघडला, तो जगभर अभ्यासला जातो. पुढे एम.आर्क.ला दिल्लीच्या स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चरमध्ये (एसपीए) किंवा अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठात मुलाखत देशील, तेव्हा एका सांध्याचा चार महिन्यांचा नीट अभ्यास हॉटेलच्या चकचकीत व्ह्यूंपेक्षा जास्त बोलेल. आणि युरोपला जायचंच असेल तर ते दार बंद होत नाही. चार्ल्स वॉलेस इंडिया ट्रस्ट भारतीय जतनकर्त्यांना ब्रिटनमध्ये शिकायला मदत करतो. तिथे अर्ज करताना हातात काम असलेलं बरं. कर्जाचे पैसे बाबांनी तोवर राखून ठेवावेत.

आईची भीती खरी आहे. तिला 'काही होत नाही' असं सांगू नकोस. ते खोरं भूकंपप्रवण आहे, १९३४ ला झाला, २०१५ ला झाला, पुन्हा होईल. केव्हा, ते कुणालाच सांगता येत नाही. पण कराडकरांना भूकंप नवा नाही. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा कोयनेचा धक्का तुझ्या आजीला आठवत असेल. आईला सांगायचं ते असं: राहायची खोली मी स्वतः बघून घेईन, जुन्या दुरुस्त न केलेल्या विटांच्या घराच्या वरच्या मजल्यावर राहणार नाही, बाहेर पडायचा रस्ता आणि मोकळी जागा पहिल्या दिवशी पाहून ठेवीन, टेकू न दिलेल्या भिंतीखाली कुणीही सांगितलं तरी उभी राहणार नाही. हे फक्त बोलायला नको, तसंच वागायचं. साइटवर हेल्मेट आणि जाड तळाचे बूट असतात का, अपघात विमा कोण काढतं, हे त्या गटाला आधी विचार. राहायला कुठली जागा सुचवतात, आधी आलेल्या मुली कुठे राहिल्या, त्यांच्यापैकी एकीशी फोनवर बोलता येईल का, हेही विचार. आणि त्या मुलीशी आईलाही बोलू दे.

पोट भरेल का? सुरुवातीची काही वर्षं तुझ्या बरोबरच्या मुलांपेक्षा पगार कमी असेल. हे आत्ताच मान्य करून ठेव. पण काम नाही असं नाही. मुंबईत १९९५ पासून वारसा इमारतींची नियमावली आहे आणि यादीतल्या इमारतींच्या दुरुस्तीला जाणकार लागतात. २०१८ ला तिथल्या व्हिक्टोरियन आणि आर्ट डेको इमारती जागतिक यादीत गेल्या, २०२५ मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले गेले, त्यांतले अकरा महाराष्ट्रात. नोंद झाली की व्यवस्थापन, देखरेख, दस्तऐवजीकरण करावंच लागतं. जिल्ह्या-जिल्ह्यात हे करू शकणारी माणसं हवी आहेत. तुझी सॉफ्टवेअरची तयारी सोडू नकोस. हाताने मोजणारी आणि ते नीट मॉडेलमध्ये उतरवणारी अशी दोन्ही माणसं एकात मिळाली तर ती लोकांना हवी असते.

होकार कळवायच्या आधी करायची कामं. कॉलेजच्या ट्रेनिंग समन्वयकांकडून लेखी घे की परदेशातल्या या मार्गदर्शकाच्या हाताखालचं सत्र ग्राह्य धरलं जाईल. मार्गदर्शकाची पदवी, नोंदणी, अनुभव यांचा कागद त्यांना लागेल, तो पाटणहून मागव. तोंडी 'चालेल' वर जाऊ नकोस, मुलं यातच अडकतात. गटाकडून लेखी घे: तारखा, मानधन, साइटवर किती दिवस, तुझी ड्रॉइंग तू पोर्टफोलिओत नाव घालून वापरू शकतेस का. पासपोर्ट नसेल तर काढ. विमानाने पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचं ओळखपत्र चालतं, तुझ्या वयाला आधार कार्ड चालत नाही, आणि विमानतळावरून परत फिरलेले लोक मी पाहिलेत. आपले शंभर रुपये म्हणजे तिथले एकशे साठ, हा दर ठरलेला आहे. आठवड्याची सुट्टी शनिवारी असते, तेव्हा रविवारी काम चालतं का ते गटाला विचारल्याशिवाय रविवारचं परतीचं तिकीट काढून ठेवू नकोस. पाट्या देवनागरीतच आहेत, वाचायला अडचण नाही. नेपाळी महिन्याभरात कानावर बसेल, पण नेवारीचे दहा-वीस शब्द सुतारांकडूनच शिक.

शक्य असेल तर पावसाळ्याची अखेर आणि पुढचे कोरडे महिने असं सत्र माग. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये छप्पर कुठे गळतं ते दिसेल, आणि दसऱ्याची मोठी सुट्टी संपली की त्याच छपरावर काम सुरू झालेलं पाहायला मिळेल. तारखा त्यांच्याशी बोलून ठरव आणि मिलानच्या ऑफिसला नम्रपणे, कारण देऊन नकार कळव. पत्र लांबवू नकोस, ती जागा दुसऱ्या कुणाला तरी हवी असेल.